फुकट बसल्याचा दाखला

पोंभुर्ण्याच्या बसस्टँडजवळ मुश्ताकभाऊंचं टिनाचं दुकान आहे. अर्ध्या दुकानात शिलाई मशीन आणि रेक्झिनचे गठ्ठे, उरलेल्या अर्ध्यात कॉम्प्युटर, प्रिंटर आणि वर ‘सर्व प्रकारचे वाहन विमा’ अशी पाटी. गाड्यांच्या सीटा शिवायचा धंदा वडिलांचा. विम्याची भर मुश्ताकभाऊंनी घातली, कारण सीट शिवायला टाकून गिऱ्हाईक दोन तास जाणार कुठे? ते तिथंच बसायचं आणि मुश्ताकभाऊ त्याला विमा समजावून सांगायचे. सीट तयार व्हायची, पण समजावणं संपलेलं नसायचं.

त्यांच्यात खोट म्हणून काढायची तर एवढीच. तालुक्यातले बाकीचे एजंट शहाणे होते. ‘पोलिसाले दाखवाचा कागद द्या’ असं गिऱ्हाइकानं म्हटलं की सगळ्यात स्वस्त तो थर्ड पार्टी काढून द्यायचे आणि पुढच्याला बोलवायचे. मुश्ताकभाऊंना हे पाप वाटायचं. माणूस काय विकत घेतोय हे त्याला कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. लोकांना कळून घ्यायची घाई नव्हती, हा भाग वेगळा.

नथ्थू पहिल्यांदा आला तेव्हाही असंच झालं. नथ्थू आतल्या गावचा, धानाची शेती करणारा. त्यानं जुनी सात सीटची गाडी घेतली होती आणि त्याला फक्त कागद हवा होता.

“हा जो स्वस्तवाला हाय नं,” मुश्ताकभाऊ म्हणाले, “हा तू ज्याले ठोकशीन त्याच्यासाठी हाय. तुह्या गाडीचं काही झालं तं याच्यातून दमडी नाई भेटत.”

“म्हंजे पैसे भरू मी, अन् फायदा त्याचा?”

“कायदाच तसा हाय.”

“मंग त्यालेच भराले सांगा नं.”

दुसरा कोणी असता तर इथंच हसून कागद छापला असता. मुश्ताकभाऊंनी खुर्ची पुढं ओढली. गाडीची किंमत कशी धरतात हे सांगायला त्यांनी बैल बाजारात उभा केला. बैलाचे दात पाहून भाव ठरतो, वय झालं की भाव उतरतो, गाडीचंही तसंच. कंपनी जी किंमत धरेल तिच्यावर हप्ता बसेल, आणि गाडी पार गेली तर मिळेलही तेवढंच. हप्ता कमी दिसावा म्हणून कोणी किंमतच कमी धरायला सांगितली, तर नुकसानीच्या वेळी रडायचं नाही. वर्षभर कंपनीकडे काही मागितलं नाही तर पुढच्या वर्षी सूट. ही शेवटची गोष्ट नथ्थूला फार आवडली.

“हे बरं हाय. न मागणाऱ्याले मान हाय इथी.”

मग मुश्ताकभाऊंनी महत्त्वाचं विचारलं. “गाडी घरची म्हणून चालवशीन का भाड्यानं? भाड्याच्या गाडीचा हप्ता जास्त असते. घरचीचा कमी. पण घरची म्हणून काढला अन् भाडं घेतलं, तं कंपनी हात वर करते.”

“भाडं कोनाकडून घेऊ भाऊ? गावात सारे घरचेच.”

आणि ते खरं होतं. नथ्थूच्या गावाला एसटी दिवसातून एकदा यायची, तीही आली तर. दवाखाना, बाजार, कचेरी, सोयरीक, सगळ्याला नथ्थूची गाडी. त्यानं कधी पैसे मागितले नाहीत. पण त्या गावात कोणाच्या गाडीतून रिकाम्या हातानं उतरायची रीत नव्हती. माणूस उतरून जायचा आणि मागच्या सीटवर लाखोळीच्या डाळीचं गाठोडं, चार वांगी, कधी पायलीभर तांदूळ राहायचे. देणारा त्याबद्दल बोलायचा नाही, घेणाराही नाही. एकदा कोणीतरी जिवंत कोंबडा सोडून गेलं होतं, त्याचाही कोणी उल्लेख केला नाही.

तर नथ्थूनं पूर्ण विमा काढला. त्याच्या गावातला तो पहिलाच. मुश्ताकभाऊंना इतका आनंद झाला की पुढं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते नथ्थूचं उदाहरण द्यायला लागले. शेवटी शकिलाभाभी, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणाल्या, “त्या नथ्थूचा फोटोच लावून टाका नं दुकानात.”

नथ्थू दर वर्षी हप्ता भरत राहिला. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम आला. नथ्थू गावातल्या चौघांना घेऊन शेजारच्या गावची मंडई पाहायला गेला. परत येताना, सूर्य बुडायच्या बेतात, रानडुकरांचा कळप आडवा आला. नथ्थूनं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, कलंडली. खरचटण्यापलीकडे कोणाला काही झालं नाही. मंडईतून आणलेल्या बांगड्या तेवढ्या फुटल्या. गाडीचं मात्र तोंड ओळखू येईना. ती ट्रॅक्टरनं ओढून चंद्रपूरच्या गॅरेजात नेली, आणि गाव पुन्हा एसटीच्या मर्जीवर आलं.

मुश्ताकभाऊंना वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, आतून थोडं बरंही वाटलं. इतकी वर्षं जे घसा कोरडा करून सांगितलं ते आता अख्ख्या तालुक्याला दिसणार होतं. नथ्थूची गाडी कंपनीच्या पैशानं दुरुस्त होऊन आली की लोक रांग लावतील, आणि नाही आली तर पुन्हा कोणाला तोंड दाखवायची सोय नाही. नथ्थूनं त्यांच्या शब्दावर दुप्पट हप्ता भरला होता.

नागपूरहून कंपनीचा सर्व्हेअर नुकसान पाहायला आला. तरुण, सभ्य माणूस होता. गॅरेजात गाडी पाहून आला, कागद पाहिले, लायसन पाहिलं, सगळं ठीक म्हणाला. आता जागा पाहायची आणि गाडीतल्या लोकांशी दोन शब्द बोलायचे, एवढंच राहिलं होतं.

“जाऊन लोकाईले सांगून या,” शकिलाभाभी म्हणाल्या, “काय इचारते, काय सांगाचं ते.”

“खोटं बोलाचं असतं तं शिकवलं असतं,” मुश्ताकभाऊ म्हणाले. “खरं बोलाले काय शिकवणी लावाची?”

नथ्थूच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. चहा झाला. गाडीत बसलेले चौघंही धुतलेले कपडे घालून आले होते. सर्व्हेअरनं सुरुवात गुणाबाईपासून केली. गुणाबाई नथ्थूची चुलती. म्हातारी, विधवा, पण स्वतःच्या दोन बांध्या स्वतः कसणारी.

“आजी, गाडीत बसायचे पैसे दिले होते का?”

प्रश्न साधा होता. पण गुणाबाईंच्या कानावर तो वेगळाच पडला. परगावचा शिकलेला माणूस, साऱ्या गावासमोर, विचारत होता की तू लोकांच्या गाडीत फुकट फिरतेस का. त्यांनी डोईवरचा पदर नीट केला.

“देल्ले नं! नाई देऊन कसं चालन? आमी काऊन कोनाचं फुकट घेऊ?”

मुश्ताकभाऊंनी कप खाली ठेवला. सर्व्हेअरनं मान वर करून मुखरूकडे पाहिलं. मुखरू नथ्थूचा शेजारी. बाईमाणसानं पैसे दिले म्हटल्यावर त्याला मागं राहून कसं चालेल?

“मी तं बसाच्या पयलेच देल्ले.”

मुश्ताकभाऊ खोकले. चांगले दोनदा खोकले. चौघांतल्या पोचूला वाटलं, भाऊ आपली पाळी आली म्हणून सांगून राह्यले. तो उठून उभाच राहिला. “मी दोघांचे देल्ले साहेब. माहे बी अन् बायकोचे बी. उधारी नाई ठेवत आमी.” त्याची बायको सोमारी बाजूलाच बसली होती. तिनं मान डोलावली.

“नथ्थूभाऊ,” सर्व्हेअर हळूच म्हणाला, “तुम्ही घेता पैसे?”

आता नथ्थूनं काय म्हणावं? नाही म्हटलं तर आपली चुलती, आपला शेजारी, सारे परक्या माणसासमोर खोटे पडतात.

“जे देते थे घेतो साहेब.”

सर्व्हेअरनं लिहून घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता, हे मुश्ताकभाऊंना स्पष्ट दिसलं. तो गेल्यावर गावानं मात्र नथ्थूची पाठ थोपटली. मुखरू म्हणाला, “गावाची इज्जत राह्यली बाप्पा.”

मुश्ताकभाऊंनी मोटारसायकलला किक मारली. बोलायला गेले असते तर शिवीच निघाली असती.

कंपनीचं उत्तर आठ दिवसांत मोबाईलवर आलं. घरगुती वाहनाचा भाड्यानं वापर, सबब दावा नामंजूर. मुश्ताकभाऊंनी फोनवर फोन केले, विनवण्या केल्या, आवाज चढवला. शेवटी कंपनीतल्या एका बाईंना दया आली. त्या म्हणाल्या, प्रवाशांनी आम्ही पैसे दिले नव्हते असं सहीनिशी लिहून दिलं तर पुन्हा विचार करता येईल. मुश्ताकभाऊंच्या जिवात जीव आला. त्यांनी कागद टाइप केला: ‘मी श्री. नथ्थू यांच्या गाडीतून विनामूल्य प्रवास केला, कोणतेही भाडे दिले नाही.’ वाचायला सोपं, सही करायला सोपं. मोटारसायकल काढून ते तडक गावात गेले.

पुन्हा तेच अंगण, तीच माणसं. या वेळी त्यांनी पहिल्यापासून सगळं समजावलं. घरची गाडी म्हणजे काय, भाड्याची म्हणजे काय, आणि पैसे दिले म्हटल्यानं काय झालं. लोकांनी इतकं लक्ष देऊन त्यांचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

“म्हंजे आमच्या बोलण्यानं गाडी अडली?” मुखरू म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. “अरे, मंग आधी नाई का सांगाचं भाऊ?”

मुश्ताकभाऊंनी तो घाव सोसला आणि कागद पुढं केला. मुखरूनं तो हातात घेतला, वाचला आणि पोचूकडे दिला. पोचूनं सोमारीला वाचून दाखवला. ‘विनामूल्य’ म्हणजे काय असं तिनं विचारलं. पोचूनं सांगितलं, फुकट. सोमारीनं कागद निखारा असल्यासारखा पुढं सरकवला. तो सगळ्या अंगणात फिरला आणि जसा गेला तसाच बिनसहीचा परत आला.

“दुसरं काहीबी लिवून मागा भाऊ,” मुखरू म्हणाला. “गाडीचा खर्च मागा, आमी गावात वर्गणी काढतो. पण हे कागदावर नोको. उद्या कोनी वाचलं तं काय म्हणन? मुखरू नथ्थूच्या जिवावर फिरते म्हणन.”

“पण हे खरं हाय नं!” मुश्ताकभाऊ ओरडलेच. “भाडं नाई देल्लं नं तुमी? खरं लिवाले काय जाते?”

नथ्थू गोठ्याकडे तोंड करून उभा होता. तो नुसता एक शब्द बोलला असता तर कोणी ना कोणी सही केली असती. पण तो बोलणार नव्हता, हे मुश्ताकभाऊंनाही आता कळलं होतं.

मग गुणाबाई बोलल्या. आवाजात राग नव्हता.

“भाऊ, तुमच्या अब्बाले चांद्याले कोनाच्या गाडीत नेल्लं होतं?”

मुश्ताकभाऊंनी नथ्थूकडे पाहिलं. नथ्थूच्याच. दोन वर्षांपूर्वी, भर पावसात, ॲम्ब्युलन्स येईना तेव्हा चांद्याला, म्हणजे चंद्रपूरच्या दवाखान्यात. नथ्थू दिवसभर दवाखान्याच्या दारात बसून राहिला, आणि संध्याकाळी अब्बा गेल्यावर त्यांना मागच्या सीटवर आडवं ठेवून त्यानंच घरी आणलं. मुश्ताकभाऊंनी पैसे पुढं केले तेव्हा त्यानं हात मागं घेतला होता.

“मंग पयले तुमी लिवा,” गुणाबाई म्हणाल्या. “अब्बाले फुकट नेल्लं म्हणून. तुमचं पाहून आमी लिवतो.”

मुश्ताकभाऊंना वाटलं, एवढंच ना. दाखला घालून दिला की गाव मागोमाग येईल. त्यांनी कागद उलटा केला, खाटेच्या काठावर बसले आणि खिशातला पेन काढला. ‘मी, मुश्ताक,’ त्यांनी लिहिलं. मग वडिलांचं नाव, त्याआधी ‘मरहूम’. ‘यांना श्री. नथ्थू यांच्या गाडीतून चंद्रपूर येथे नेले व आणले. त्यापोटी मी’ इथपर्यंत अक्षर छान आलं.

पुढं ‘काहीही दिले नाही’ असं लिहायचं होतं. खरं होतं ते. भाडं म्हणून एक पैसा दिला नव्हता, कोणत्याही कंपनीसमोर शपथेवर सांगता आलं असतं. पण पेन पुढं सरकेना. बापाचा अखेरचा प्रवास, आणि खाली आपली सही, की काही दिलं नाही. त्यांचे कान तापले. सगळं अंगण त्यांच्या हाताकडे पाहत होतं, आणि त्या हाताची त्यांना लाज वाटली आणि रागही आला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“नाई बाई,” ते म्हणाले. “काहीच नाई देल्लं असं कसं लिवू? हर ईदेले शिरखुर्म्याचा डबा मी सोता याच्या घरी आणून देतो.”

“मंग?” गुणाबाई म्हणाल्या. “आमी बी त्या साहेबाले दुसरं काय सांगतलं?”

मुश्ताकभाऊंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि तिथंच बसून गॅरेजवाल्याला फोन लावला, काम सुरू करायला आपल्याकडून आधी किती पाठवायचे ते विचारायला.