सोबतीला जिजी

जिजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ओसरीवर डोळे मिटून बसल्या होत्या. मांडीवर खाकी कापडाची मोठी पिशवी होती. त्या आधी वस्तूचं नाव घ्यायच्या आणि मग हात घालून तीच वस्तू बाहेर काढायच्या. "कात्री." कात्री निघाली. "दोरी." दोरी निघाली. "सकाळच्या गोळ्या." गोळ्यांची डबी निघाली. सगळी पिशवी रिकामी झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि त्याच क्रमाने सगळं परत भरलं. आम्ही बुरहानपुरात नुकतेच राहायला आलो होतो. शेजारच्या या बाईंचं काय चाललंय ते मला कळेना, म्हणून मी कुंपणाशी जाऊन विचारलंच.

"जे हाताला लागत नै, ते घरीच राहिलं समजायचं, बेटा," त्या म्हणाल्या. "गाडीत पेशंटला उलटी आली का पिशवीत डोकं घालून बसायला टाइम भेटत नै."

जिजी सरकारी दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःहूनच एक काम अंगावर घेतलं होतं. आसपासच्या गावांतलं कोणी मोठ्या उपचारासाठी इंदूरला, जळगावला किंवा नागपूरला निघालं, की जिजी सोबत जायच्या. डॉक्टरांचं डॉक्टर बघतील, असं त्या म्हणत. दार ओढून घेतल्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंतचा रस्ता मात्र त्यांचा असे.

पिशवीत काय असे ते मी पुढे अनेकदा पाहिलं. एकात एक बसणारे स्टीलचे डबे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली, सेफ्टी पिना, वर्तमानपत्रं, लिंबू, प्लास्टिकची मोठी शीट, दोन जुन्या सुती साड्या. रिपोर्टांच्या झेरॉक्स प्रती वेगळ्या पाकिटात, आणि लागणारे सगळे फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात. मी एकदा म्हटलं, नंबर तर मोबाइलमध्ये असतात. त्या म्हणाल्या, "मोबाइलला भूक लागते. कागदाला लागत नै."

मग आमच्यावर वेळ आली. माझे वडील, अण्णा, नेपानगरला शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर माझ्याकडे राहत. मे महिन्यात ते जिन्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन इंदूरला ठरलं. मी जिजींचं नाव काढलं तेव्हा अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "परकी बाई कशाला? तू आहेस ना," ते म्हणाले. त्यांचा स्वभाव असा, की शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय ते घरातही कोणासमोर येत नसत.

जिजींनी ते ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला. "सकाळी निघायचं ना? मग ऊन उजव्या हाताला. गुरुजींचं डोकं डाव्या अंगाला ठेवू." गाडीची मागची सीट पाडून आम्ही गादी घातली. जिजींनी उशीच्या दोन जुन्या अभ्र्यांत तापीची वाळू भरून तोंडं शिवून आणली होती. त्या दोन थैल्या त्यांनी अण्णांच्या पायाच्या दोन्ही बाजूंना अशा लावल्या, की खड्ड्यातून गाडी गेली तरी पाय तसूभर हलला नाही. खंडवा मागे पडेपर्यंत अण्णा एकदाही कण्हले नाहीत.

इंदूरच्या अलीकडे घाटात ट्रक आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. सकाळी साडेदहाला थांबलो ते सायंकाळी पाचला हललो. ऊन चढत गेलं. जिजींनी खिडकीला ओलं फडकं पिनांनी अडकवलं. अण्णांच्या तळपायांवर ओला रुमाल ठेवला. पाणी दिलं तर अण्णांनी पेला तसाच बाजूला ठेवला. थोड्या वेळाने लिंबूपाणी दिलं, तेही ठेवलं. ओठ कोरडे पडलेले मला दिसत होते. मी ओरडले, विनवलं, काही उपयोग झाला नाही. जिजी मात्र पेल्याकडे आणि अण्णांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

मग त्या मला म्हणाल्या, "बेटा, ड्रायव्हरला घेऊन पुढे जा. ट्रक किती सरकला ते बघून ये. घाई नको करू."

मी निघताना मागे पाहिलं. त्यांनी गाडीचं मागचं दार वर केलं, त्याला दोरी बांधली आणि साडी चारी बाजूंनी सोडली. पिशवीतून रुंद तोंडाची बाटली काढली आणि आत सरकवली. स्वतः गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीसमोर लघवीचं म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून हा माणूस सकाळपासून पाणीच पीत नव्हता. मी परतले तेव्हा अण्णा दुसरा पेला पीत होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं.

आमच्या मागे एक बस होती. बसमधल्या बायका कित्येक तासांपासून अडकून पडल्या होत्या. उतरून जायला कुठे जागाही नव्हती. त्या आमच्या साडीकडे बघत होत्या. जिजींनी दुसरी साडी काढली, दारावरची दोरी सोडून ती दरीकडच्या कठड्यापासून एका झाडापर्यंत ताणली आणि आडोसा केला. "एक एक या. कोनी ढकलू नका," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारभर त्या आडोशाच्या तोंडाशी उभ्या होत्या. पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्यांतल्या बायका येऊन गेल्या. एक म्हातारी बाहेर आली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. जिजींनी तिला वरच्या वर धरलं. "पाया काय पडता माय, साडीचं टोक धरा जरा. वारा लय आहे."

मी थक्क होऊन बघत होते. दोन जुनी लुगडी आणि एक दोरी, एवढ्यावर या बाईने घाटातल्या कितीतरी बायकांची लाज राखली होती.

सायंकाळी गाडी हलल्यावर मी विचारलं, "जिजी, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्या म्हणाल्या, "आमचे मालक बसमध्येच गेले. मी त्यांना इंदूरलाच नेत होती. उलट्या सुरू झाल्या, माझ्याजवळ पदराशिवाय काई नव्हतं. पदरानंच पुसलं, तोच त्यांच्या डोक्याखाली दिला. पानी मागत होते. बाटली वर टपावरच्या बॅगेत. बस थांबून बॅग उतरेपर्यंत..." अण्णांनी डोळे मिटले होते, पण ते जागे होते. त्यांनी हात लांब करून वाळूची सरकलेली थैली स्वतःच नीट लावली आणि म्हणाले, "जिजी, तुम्ही आता जरा टेका. माझं बरं आहे."

नंतरच्या काळात जिजींचे गुडघे गेले आणि प्रवास थांबले. मग लोक निघण्याआधी त्यांच्या ओसरीवर यायचे. त्या बसल्या जागी पिशवी भरून द्यायच्या. यंदाच्या थंडीत एका दुपारी त्या झोपल्या त्या उठल्याच नाहीत.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. इच्छापुरापासून नेपानगरापर्यंतचे लोक आले होते आणि जो तो आपला प्रवास सांगत होता. कोपऱ्यात देडतलाईचा एक केळीवाला शेतकरी बसला होता. शेवटी कोणीतरी त्याला विचारलं, "तुमच्यासोबत कुठं गेल्या होत्या?"

"नागपूरला," तो म्हणाला. "बायकोला नेलं होतं. नै वाचली. येताना गाडीत बॉडी होती. देडतलाई दोन-तीन किलोमीटर राहिली असंल, जिजींनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, त्यांना मळमळतं. त्यांनी पिशवीतून कंगवा काढला. तिचे केस एकवीस दिवस पलंगावर राहून पार गुंतून गेले होते. एक केस न तोडता त्यांनी गुंता सोडवला. तेल लावलं, वेणी घातली, कुंकू लावलं. पाऊन तास गेला. मी म्हटलं, जिजी, आता काय उपयोग. तर म्हणाल्या, हिची माय दारात उभी असंल."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सासूनं आधी केसांवरच हात फिरवला," तो म्हणाला. "मग विचारलं, वेणी कोनी घातली? मी वळून बघतो तर जिजी तिकडे नळावर गाडीतली गादी धूत बसल्या होत्या."