शेवटचं क्लिक मनकर्णाबाईंवर

करुणा, तू दुकान सोडलंस हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. त्याचा राग आहेच. पण कसं सोडलंस ते ऐकलं आणि लिहायला बसले. काही चुकलं तर सांग, नाहीतर गप्प वाच.

पुंडलिकनगरात बद्रीनाथशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात करुणा नऊ वर्षं कॉम्प्युटरवर बसली. बॅनरवर कुणाचं तोंड कुठं बसवायचं, हे तिचं काम. नेता ताटाएवढा, कार्यकर्ता वाटीएवढा, आणि ज्याचा कार्यक्रम तो कोपऱ्यात. ही रीत तिला पाठ होती.

त्या दुपारी पुंजाराम आला. निवडणुकीचा पत्ता नव्हता, तरी नावाखाली 'भावी नगरसेवक' हवंच होतं. सत्कार मनकर्णाबाईंचा. एकतीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस. निम्म्या गल्लीनं त्यांच्या हातची खिचडी खाल्लेली, करुणानंसुद्धा.

"मला मधी घे," पुंजाराम म्हणाला. "सात जण बाजूनं. बाई खाली कोपऱ्यात."

"सत्कार कुणाचा हाय, भाऊ?"

"बाईचाच की. म्हणून तर फोटो टाकतोय."

करुणा स्क्रीनकडं वळली. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो एका रेषेत आणायचे, तर ज्याच्यावर शेवटी क्लिक कराल तो जागचा हलत नाही; बाकीचे सरकून त्याच्या रेषेला येतात. नऊ वर्षं तिचं शेवटचं क्लिक नेत्यावर पडलं होतं. आज तिनं मनकर्णाबाईंना मधोमध मोठं घेतलं, आठही पुरुष एका मापाचे केले, एकेकावर क्लिक करत शेवटी बाईंवर आली आणि बटण दाबलं. आठही जण बाईंच्या रेषेत येऊन उभे राहिले.

"मी बारका का दिसतोय?" पुंजारामनं विचारलं.

"बारका नाय. बाकीच्यांएवढाच हाय."

बद्रीनाथ गल्ल्यावरून उठला. "करुणा, अदलाबदल कर. दोन मिन्टाचं काम."

"दोन मिन्टाचंच हाय, शेठ. तुम्ही करा." तिनं माउस त्याच्याकडं सरकवला. बद्रीनाथला कॉम्प्युटर फक्त बंद करता यायचा.

"मग उद्यापासून येऊ नको."

"नाय येत."

कार्यक्रम पाचचा, चार वाजून गेलेले. दुसरा ऑपरेटर लासूर स्टेशनला लग्नाला गेलेला. पुंजारामनं दातओठ खाल्ले. "छाप," म्हणाला.

फ्लेक्स मशीनमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत करुणा तिथंच उभी राहिली. मग डबा उचलून चालू लागली. दोन दिवसांनी बद्रीनाथचा फोन आला, ये म्हणून. ती गेली नाही. आता घरीच एका जुन्या कॉम्प्युटरवर कामं घेते. काम कमी आहे, हेही मला कळलंय.

मनकर्णाबाईंनी बॅनर बघून विचारलं म्हणे, "माह्या बाजूला हे आठ जण कोण हायेत?"

आता आपलं. माझ्या दारावरच्या पाटीवर अजून ह्यांचंच नाव आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली, आणि घर माझ्या प्राध्यापकीच्या पगारातून उभं राहिलं. नवी पाटी करायचं निघालं तेव्हा "मॅडम, दोन्ही नावं एका रेषेत घेऊ," तू म्हणाली होतीस. माझं एकटीचंच घे, मी म्हटलं होतं. पाटीचं माप दुकानात आणून देते, असंही म्हटलं होतं. चौदा बाय सहा इंच. तो कागद अजून माझ्या पर्समध्येच आहे.