तळाशी कोरलेला नंबर

पुंडलिकनगरातल्या आमच्या इमारतीला तेव्हा आठवड्यातून एकदा नळाचं पाणी यायचं. आणखी एक टाकी बसवणं भाग होतं, म्हणून मी जुना डिजिटल कॅमेरा विकायला काढला. दहा-बारा वर्षं तो माझ्याकडं होता, पण चांगला फोन घेतल्यापासून कपाटातच पडून होता.

पैठण गेटजवळ एक म्हातारे दुकानदार जुने कॅमेरे घेत. त्यांनी लेन्स उजेडात धरून पाहिली, दोन फोटो काढले आणि विचारलं, "ताई, बिल है क्या? डब्बा?"

"नाही. मला बक्षीस मिळालाय."

"बुरा मत मानो. बिल नसलं की मी नंबर विचारल्याबिगर घेत नाय." कॅमेरा उलटा करून त्यांनी तळाचा नंबर चिठ्ठीवर उतरवला आणि सर्व्हिस सेंटरमधल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. बोलणं झाल्यावर त्यांनी कॅमेरा पुसून बॅगेत घातला आणि बॅग माझ्याकडं सरकवली.

"ये चोरी का माल है बेटा." दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, म्हणून ते हळू बोलले. त्यांनी एका संस्थेचं नाव घेतलं. "त्यांनी चोरी झाल्याचं कळवलेलं हाय. घरी न्या. दुसऱ्या दुकानात दाखवू नका."

ती संस्था माझ्या चांगल्या ओळखीची होती. दुष्काळाची दोन वर्षं मी तिथं हंगामी कामाला होते. हर्सूलच्या माहेराहून सकाळी निघायचं, जीपमधून गावोगाव फिरायचं आणि टँकरचे, आटलेल्या विहिरींचे, चारा छावण्यांचे फोटो आणून द्यायचे. ते फोटो पाहून संस्थेला मदत मिळायची. जीपमध्ये मी आणि ड्रायव्हर, दोघंच असायचो. ते खुलताबादचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. गाव आलं की म्हणायचे, "आधी बायांशी बोला, मग कॅमेरा काढा. पाण्यासाठी उभं राहिलेल्या माणसाला फोटोची लाज वाटती." तोवर हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी संस्थेचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, म्हणाले की संस्थेचा कॅमेरा दुरुस्तीला गेलाय. त्याच आठवड्यात ड्रायव्हर यायचे बंद झाले. त्यांना गावाकडं काम मिळालं, असं ऑफिसात सांगितलं गेलं. महिन्याभरानं नवा कॅमेरा आला आणि सरांनी जुना माझ्या हातात दिला. "हा आता तुझा. मेहनतीनं कमावलायस." आईनं तो बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवला आणि आठवडाभर तिथून हलवू दिला नाही. मग मी कामावरही तोच नेऊ लागले.

दुकानातून मी तडक बायपासपलीकडं सरांच्या नव्या फ्लॅटवर गेले. नंबराचं सांगितल्यावर ते हसले.

"अगं, ती नुसती कागदावरची गोष्ट. जुना गेल्याशिवाय नवा मंजूर होत नव्हता. विमाही होता. म्हणून तक्रार दिली."

"आणि मग तो मला दिलात?"

"तुझं नाव कुठं आलंय त्यात? थांब, दाखवतो."

सर प्रत्येक कागद जपून ठेवणारे. त्यांनी फाइल काढली आणि माझी समजूत पटावी म्हणून तक्रारीच्या प्रतीवर बोट ठेवलं. कॅमेरा जीपमधून गेला असून ड्रायव्हरवर संशय आहे, त्यास कामावरून कमी केले आहे, असं तिथं लिहिलं होतं. माझं नाव खरंच कुठं नव्हतं.

"सर, त्यांना काढलंत?"

"तसाही तो फार दिवस टिकणारा नव्हता. पोलिसांनी दोनदा बोलावलं आणि सोडून दिलं. कॅमेरा इथं ठेवून जा, मी बघतो."

मी बॅग उचलून निघाले. सरांचा राग होताच, पण परतताना मला दुसरंच टोचत होतं. ड्रायव्हर यायचे बंद झाल्यावर माझी जीप खुलताबादवरून कितीतरी वेळा गेली असेल. एकदाही उतरून मी त्यांची चौकशी केली नव्हती.

रविवारी खुलताबादला गेले. दर्ग्याच्या वाटेवर त्यांचं किराण्याचं छोटं दुकान होतं. त्यांनी मला लगेच ओळखलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. साखरेच्या पुड्या बांधता बांधता ते ऐकत होते.

"मला वाटलं, तुम्हीच घेतला," ते म्हणाले.

"मी? कशावरून?"

"दुसऱ्याची गाडी घेऊन छावणीवर आलतो एकदा. तोच कॅमेरा तुमच्या गळ्यात. तुटल्या पट्ट्याला मी गाठ मारून दिलती, ती बी तशीच."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरीची जात. मला ठाण्यात बसवलं तसं तुम्हाला बसवलं असतं. म्हटलं, आपलं तर झालंच हाय."

इतकी वर्षं त्यांनी मला चोर समजून सांभाळलं होतं. आणि मला त्यांची आठवणही आली नव्हती.

"चला, आपण ठाण्यात जाऊन खरं काय ते लिहून देऊ," मी म्हणाले.

"नाय ताई. त्या भानगडीत माझ्या लेकीचं जुळलेलं लग्न मोडलं. दोन वर्षं गेली दुसरं जुळायला. आता ती नांदतीय. पुन्हा पोलीस नकोत. उकरू नका."

ठाण्याचा विषय मी सोडला. पण ड्रायव्हर निर्दोष होते एवढं तरी सरांकडून लिहून घ्यावं, म्हणून त्यांना फोन केला. "असं लिहून द्यायला मी वेडा आहे का?" म्हणाले. नंतर त्यांनी फोन उचलला नाही. मी दोनदा फ्लॅटवर गेले, तर वॉचमननं खालूनच परत पाठवलं.

शेवटी मीच एक कागद लिहिला. कॅमेरा चोरीला गेला नव्हता, तो मला सरांनी स्वतः दिला होता आणि ड्रायव्हरांचा त्यात काही दोष नव्हता. खाली सही केली आणि तो खुलताबादला नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्यापुढं धरला.

"याच्यावर सरांची सही पायजे व्हती," ते म्हणाले. "तुमच्या सहीचं मी काय करू?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते तराजूकडं वळले.