मदरबोर्ड, सप्रेम भेट

वास्तुशांतीच्या आहेरात मी मदरबोर्ड मागितला होता.

यात काही वावगं आहे असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही. अमरावतीत नवं घर बांधून झालं, तारीख ठरली आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. प्रश्न एकच: "काय आणाचं?" आपण "काही नको" म्हणायचं आणि त्यांनी टॉवेल-टोपी, पातळ आणि स्टीलचा डबा आणायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्याकडे त्या घडीला नुसत्या टोप्यांनी भरलेली एक ट्रंक होती. (मी टोपी घालत नाही. आमच्या नात्यात आता कुणीच घालत नाही. तरी ती या घरातून त्या घरात फिरत असते.)

नेमका त्याच सुमारास माझ्या डोक्यात गेमिंग कम्प्युटर शिरला होता. वय सत्तेचाळीस, काम कॉलेजात इतिहास शिकवण्याचं, आणि नाद काय, तर जेवताना ताटाशेजारी मोबाईल ठेवून कम्प्युटर जोडण्याचे व्हिडिओ पाहणे! कोणता प्रोसेसर कोणत्या मदरबोर्डवर बसतो हे मला राजघराण्यांच्या वंशावळीपेक्षा पक्कं पाठ झालं होतं. प्रत्यक्षात मी आयुष्यात फक्त एक टेबलफॅन खोलला होता, आणि तो पुन्हा बंद झाला नव्हता.

"तुमाले कम्प्युटर शिकवाले पाहिजे का गोळ्या झाडाले?" बायकोनं, म्हणजे वैशालीनं, विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

"मंग आधी त्या ट्रंकीतल्या टोप्या झाडा."

आणि तिथेच मला ती कल्पना सुचली! टोप्यांऐवजी प्रत्येक नातेवाइकाकडून कम्प्युटरचा एकेक भाग मागायचा. सगळ्यात महाग ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळातली चित्रं पळवणारा भाग, आणि उरलंसुरलं किरकोळ सामान मी स्वतः घेणार होतो, म्हणजे कुणावर भार नाही. सगळ्यांचा आहेर एकाच वस्तूत, आणि ती वस्तू माझी. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी वैशालीला ती दोनदा समजावून सांगितली.

पहिला फोन वरूडला, संत्र्याच्या बागेवाल्या मामांना. "मामा, तुमी कॅबिनेट आना. म्हंजे कम्प्युटरची पेटी."

"पेटी? अरे, पेट्या त आपल्याकडं गंज पडल्या हाय, ढीगच्या ढीग!"

"संत्र्याच्या नाई मामा. एका बाजूनं काच असते तिले. आतलं सारं दिसते."

"काच? आतला माल दिसला पाहिजे, हे बरोबर हाय," मामा म्हणाले आणि लगेच कबूल झाले.

बाबा घरातच होते. त्यांना मी प्रोसेसरचं चित्र दाखवलं. "एवढुसाच?" ते म्हणाले.

"पन सारं डोकं त्याच्यातच असते, बाबा."

"मंग डोकं माह्याकडूनच पाहिजे. तुह्यापाशी कुठं हाय!"

उरले अकोल्याचे भाऊजी. इथे थोडं थांबून सांगायला हवं. सुनंदाताई माझी थोरली बहीण, आणि प्रभाकर भाऊजी तिचे यजमान. अकोल्यात बी-बियाणं आणि औषधांचं त्यांचं दुकान आहे. माणूस सोन्यासारखा, पण मानाच्या बाबतीत तराजू घेऊनच फिरतो. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पंच्याहत्तरीला भाऊजींना शाल दिली गेली आणि मामांना शाल आणि नारळ. नारळ कमी पडले होते, एवढंच! पण भाऊजी त्याच पावली अकोल्याला परतले आणि तेव्हापासून ताई माहेरी आली नव्हती. फोनवर बोलायची, हसायची, पण यायची नाही. मला तिची फार आठवण यायची. या वास्तूला ती यावी आणि चार दिवस राहावी, एवढंच मला खरं म्हणजे हवं होतं. कम्प्युटर त्याच्या खालोखाल. (बरंच खालोखाल नाही.)

म्हणून मी अतिशय विचारपूर्वक भाऊजींना सगळ्यात स्वस्त वस्तू आणायला सांगितली. कॅबिनेटचे पंखे!

तासाभरात ताईचा फोन आला. "काहून बे, त्याईले पंखे काहून दिले तू?"

"खर्च नाई पडला पाहिजे म्हून..."

मागून भाऊजींचा आवाज आला, खास मला ऐकू यावा इतका मोठा: "सांग त्याले! मामाले पेटी, सासऱ्याले डोकं, अन जवायाले पंखे! आमी काय वारा घालाले येऊन रायलो का तिकडं?"

मी घामाघूम झालो आणि तिथल्या तिथे भाऊजींना बढती दिली. "भाऊजी, पंखे चुकून सांगतले. तुमचा मदरबोर्ड हाय!"

"ते काय असते?"

"बाकीचे सारे त्याच्यावरच बसते."

"सारे?"

"सारे. प्रोसेसर बी."

"म्हंजे सासरे बी?" त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "अन मामा?"

"मामा बाहीर. तुमी आत, मधोमध, काचेतून दिससान असे."

"मंग पाह्यतो," भाऊजी म्हणाले. ताईनं मागून सांगितलं की ते हसून राहिले आहेत.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे जे झालं ते माझ्या एका वाक्यानं झालं. मामांनी कॅबिनेट घेतलं आणि त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर, भांड्यांवर नाव टाकतात तसं मशीननं कोरलं होतं: 'मामा-मामीकडून सप्रेम भेट, वरूड.' पत्राच तो, त्याला काय होतंय! मी आपला मोठेपणा दाखवायला खाली लिहिलं: "वा मामा! आहेर असा पाहिजे! नावाशिवाय वस्तूला शोभा नाही!"

त्या वाक्यावर भाऊजींनी अंगठ्याचं चित्र टाकलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

वास्तूच्या दिवशी सकाळी होम चालू असताना बाबांनी मला बाजूला बोलावून प्रोसेसर हातात दिला. त्याच्या पाठीवरच्या नखाएवढ्या पत्र्यावर बाबांचं संपूर्ण नाव होतं. भिंग लावून वाचावं लागत होतं, पण होतं.

"बाबा! याच्यावर कायले टाकलं?"

"तूच त लेहलं, शोभा येते म्हून."

"अहो, थंड ठेवाले याच्यावर मलम लावा लागते, अन वरून मोठा पंखा बसते!"

"बापाच्या नावावर मलम?" बाबांनी होमाकडे पाहून हात जोडले. "लाव बाप्पा. आता तुहंच राज्य हाय."

तेवढ्यात अकोल्याची गाडी दारात लागली. ताई उतरली. दोन वर्षांनी! तिच्या हातात मोठी बॅग होती, म्हणजे राहायच्या तयारीनं आली होती. पण मला गहिवरायला वेळ मिळाला नाही, कारण मागून भाऊजी मदरबोर्ड दोन्ही हातांवर धरून, देवाची मूर्ती आणावी तसे चालत येत होते.

मी खोका उघडला. मदरबोर्डच्या मधोमध धातूची रुंद, काळी पट्टी असते. तिच्यावर चांदीसारख्या अक्षरांत कोरलं होतं: 'श्री. प्रभाकरराव व सौ. सुनंदाताई, अकोला, यांजकडून सप्रेम भेट.' शेवटी एक छोटा कलशही होता.

"भांडेवाला आधी त्या बारीक तारायवरच टाकत होता," भाऊजी म्हणाले. "म्या म्हनलं, नाई, पट्टीवर टाक. मामायचं नाव पत्र्यावर, आपलं पट्टीवर!"

"अन वॉरंटी?"

"नाव टाकलेलं भांडं कोनी वापस करते का?"

आता भाऊजींनी शेवटची अट घातली. कम्प्युटर सुरू झालेला पाहिल्याशिवाय ते पानावर बसणार नव्हते. आणि आमच्याकडे जावई बसल्याशिवाय पंगत बसत नाही! आलू-वांग्याची भाजी निवत होती, पुऱ्या मऊ पडत होत्या आणि झाडून सगळे पाहुणे माझ्याभोवती भुकेले उभे होते. व्हिडिओत दाखवतात ती शांत खोली, ते मंद संगीत, तसलं काहीच नव्हतं. गुरुजीसुद्धा सोवळ्यात येऊन विचारत होते, "हा स्क्रू कशाचा उरला?"

पण लागलं! बटण दाबताच पंखे फिरले, सप्तरंगी दिवे लागले, आणि मी जोडलेला कम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. "वा!" असा एकच आवाज निघाला. मी वैशालीकडे असं पाहिलं की जणू चंद्रावरून आलोय.

भाऊजी मात्र काचेला नाक लावून उभे होते. "माहं नाव कुठी गेलं?"

मी वाकून पाहिलं. माझं ग्राफिक्स कार्ड! विटेएवढं जाड, हातभर लांब, सगळ्यांत भारी म्हणून घेतलेलं. ते बरोब्बर त्या पट्टीवर आडवं पडलं होतं. बाहेर फक्त तो छोटा कलश दिसत होता.

"हे वरतं कोन बसलं हाय?" भाऊजींनी विचारलं.

"ते... माहं हाय."

"म्हंजे साळा जवायाच्या उरावर!"

मग सल्ले सुरू झाले. मामा म्हणाले, पेटी उलटी करा. उलटी केली, नावही उलटं झालं. बाबा म्हणाले, तुहं ते कार्ड बाहेर टांगून ठेव. पण खरी अक्कल पाजळली ती मीच. "भाऊजींचं नाव काचेवर टाकू!" मी ओरडलो. "पहिले तेच दिसन!" नावं कोरणारा एक भांडेवाला आमच्या मागच्याच गल्लीत होता. त्याला मशीनसकट बोलावलं.

त्यानं विचारलं, "काचेवर टाकू का, सर?"

"टाक न!" मी म्हणालो.

कॅबिनेटची काच साधी नसते, तिला कडक वस्तूचं टोक लागलं की ती एका दमात फुटते, हे मी निदान दहा व्हिडिओंत पाहिलं होतं. मशीनचं टोक टेकलं. 'श्री' मधला 'श'सुद्धा पुरा झाला नाही. फाट्! आणि मामांच्या आहेराची हॉलभर खडीसाखर झाली.

मग मामा: "जवायाच्या नावापायी माही काच फोडली का बे?" आणि भाऊजी: "म्हंजे आता माहंच नाव खराब?" त्यांनी चपला घातल्या. "सुनंदा, बॅग घे."

ताईनं बॅग उचलली. दाराशी जाऊन माझ्याकडे पाहिलं, आणि मला ते बघवेना. मी कम्प्युटर बंद केला, मान खाली घातली, आणि इतके दिवस ज्याची स्वप्नं पाहिली ते ग्राफिक्स कार्ड खटकन उपसून बाहेर काढलं.

"भाऊजी, पाहा बरं आता."

भाऊजी परत आले. काच नव्हतीच, त्यामुळे नाव अगदी हातावर घेतल्यासारखं दिसत होतं. मी बटण दाबलं. अक्षरांवर आधी लाल, मग निळा, मग हिरवा उजेड पडला. आणि कार्डाशिवायही कम्प्युटर सुरू झाला, कारण साधं चित्र दाखवण्यापुरती ताकद बाबांच्या प्रोसेसरमध्ये होती.

"हे पाय, आता कसं!" भाऊजी म्हणाले. त्यांनी मामांचा हात धरला. "मामा, काच नाई तेच बरं. तुमची पेटी हवेशीर झाली."

"उन्हाचे दिवस हाय," मामा म्हणाले, आणि दोघं शेजारी शेजारी पानावर बसले. ताईनं बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि येता येता माझ्या पाठीत एक धपाटा घातला. दोन वर्षांत मला इतकं बरं कशानंच वाटलं नव्हतं.

ताई आठ दिवस राहिली. आता दर महिन्याला येते. भाऊजीही येतात आणि आल्या आल्या पाण्याच्या आधी नाव पाहतात. मधल्या काळात कार्ड बसवावं म्हटलं तर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. दुकानातल्या गिऱ्हाइकांना ते आपलं नाव रंगीत उजेडात दाखवतात. कार्ड कपाटात, टोप्यांच्या ट्रंकेवर ठेवलंय. त्याच्याशिवाय या कम्प्युटरवर गोळ्या झाडता येत नाहीत, गाड्या पळवता येत नाहीत. एकट्यानं लावायचा पत्त्यांचा डाव मात्र फार सुंदर दिसतो.

परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, तुमी म्हने लय भारी कम्प्युटर बनवला. त्याच्यावर काय खेळता?"

"पत्ते," मी म्हणालो.

मग तिनं हळूच विचारलं, "अन जिंकता का, सर?"

मी पुस्तक उघडलं आणि म्हणालो, "पान नंबर बेचाळीस काढा."