खिंडीतल्या सापांचं घराणं

नेल्डा हार्कीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मी शेजारी राहतो. आयुष्यभर छपरांवर डांबर ओतलं, त्यामुळे मलाही त्या वेळी जाग असते. तिच्या गॅरेजमधला दिवा लागला की मी कॉफी चढवायचो.

गॅरेजात गाडी नव्हती, साप होते. किंगस्नेक. राखाडी अंगावर नारिंगी पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. प्रत्येकाचा वेगळा डबा आणि डब्यावर कागदी चिकटपट्टी: आई कोण, बाप कोण, आणि खाली साप मूळचा जिथला त्या खिंडीचं नाव. कामावर जायच्या आधी ती सगळ्यांचं पाणी बदलायची, घाण काढायची, अंड्यांच्या पेटीची ऊब हाताने बघायची आणि मग थर्मामीटरने. घाई करताना मी तिला पाहिलं नाही. नंतर हायवेवरच्या मोटेलात दिवसभर चादरी धुवायची. तिथल्या वाफेने तिच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असे.

हे साप तिच्या नवऱ्याचे. डॉयलने पहिला नर आणि दोन माद्या मिलर खिंडीत पकडल्या, हायवेसाठी डोंगर कापला होता तिथे. आमच्याकडे या सापांची किंमत रंगावर असते, पण त्याहून जास्त तो कुठल्या खिंडीतला यावर. दोन खिंडींत तासाभराचं अंतर असलं तरी तिथले साप एकमेकांत मिसळायचे नाहीत. मिसळले की घराणं संपलं. पुढे रस्ता रुंद करताना मिलर खिंड सुरुंगाने उडवली. तिथले साप उरले ते नेल्डाच्या गॅरेजात आणि तिने विकले त्यांच्याकडे.

डॉयल गेल्यावर लोकांना वाटलं, बाई सगळं विकून टाकेल. तिने एकही डबा कमी केला नाही. जोडी लावायचा त्याचा नियम तिने तसाच पाळला. ही जात साप खाते. म्हणून आधी दोघांनाही पोटभर उंदीर द्यायचे, ते पचू द्यायचे, मगच एका डब्यात सोडायचं. आणि सोडल्यावर हातात साप उचलायचा आकडा घेऊन स्टुलावर बसून राहायचं, फोन वाजला तरी उठायचं नाही. डॉयल दर वसंतात तिला बजावायचा, "उपाशी बायकोपुढे नवरा ठेवू नये, नेल्डा."

"मग तू माझ्या जेवणाआधी घरी येत जाऊ नकोस," ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात एका पहाटे तिने कुंपणावरून हाक मारली. "म्हाताऱ्या, इकडे ये. कॉफी राहू दे."

अंडी फुटली होती. ओल्या भुशात चार पिल्लं राखाडी आणि पाचवं पांढरं. गुलाबी डोळे, पट्टे फिकट शेंदरी. इतकं देखणं जनावर मी पाहिलं नव्हतं.

"नशीब उघडलं की तुझं," मी म्हणालो.

"वाटोळं झालं." ती स्टुलावर बसली. "हा रंग आईकडून यावा लागतो आणि बापाकडूनही. एकाकडून आला तर लपून राहतो, पिढ्यान्‌पिढ्या दिसत नाही. खिंडीत पांढरा साप कधी कुणाला दिसला नाही. हा रंग पाळीव सापांतला आहे. कुठून आला?"

तिला आधी स्वतःचाच संशय आला. डबे अदलाबदल झाले असतील, झाकण उघडं राहिलं असेल. रविवारभर तिने एकेक डबा खाली उतरवला, पट्टी वाचली आणि पोरांवरून आईबापांपर्यंत, तिथून आजोबांपर्यंत मागे गेली. चूक सापडली नाही. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी येऊन थांबत होत्या. डॉयलच्या पहिल्या नरापाशी.

"अर्रेडोंडोकडे ने मला," ती म्हणाली.

चेमा अर्रेडोंडोचं टायरचं दुकान आहे. डॉयलच्या वेळेपासून साप पाळणारा. डॉयल त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून तो नेल्डाला कोमाद्रे म्हणतो, म्हणजे लेकीची मानलेली आई.

"पांढरं?" तो हसला. "कोमाद्रे, उद्यापासून चादरी दुसऱ्या कुणाला धुवू दे!"

नेल्डा हसली नाही. "पहिला नर कुठला, चेमा?"

त्याने हातातला पाना ठेवला. मग परत उचलला.

"नेल्डाला मी सांगतो, म्हणाला होता डॉयल. मला वाटलं, सांगितलं असेल."

"काय?"

"पहिलीच जोडी लावून बसला होता. त्याच्या कामावरून फोन आला, पंप बंद पडला म्हणून. मादीला खायला घातलं नव्हतं. त्याला वाटलं, पाच मिनिटांत येऊ. आला तेव्हा नराची शेपटी तेवढी तिच्या तोंडाबाहेर." अर्रेडोंडो टायरकडे बघत बोलत होता. "इथे, त्या पिंपावर बसून रडला, कोमाद्रे. एवढा मोठा माणूस. मी माझा नर दिला. दिसायला हुबेहूब. त्याची आई पांढरी होती. डॉयल म्हणाला, खिंडीत दुसरा नर मिळाला की तुझा परत करीन. पुढच्याच महिन्यात खिंड उडवली."

"आणि दर वसंतात मला शिकवायचा," नेल्डा म्हणाली. "उपाशी बायको म्हणे."

"डॉयल गेला. खिंड गेली. कोण विचारतंय? पांढरं मला दे, मी लांब कुठे तरी विकतो. बाकीचं आहे तसं चालू दे."

"पट्टी मी लिहिते, चेमा. माझ्या अक्षरात आहे ती."

 घरी येऊन तिने प्रत्येक डब्यावरची खिंडीच्या नावाची पट्टी नखाने खरवडून काढली. चिकट डाग राहिले, ते रॉकेलने पुसले. मग ज्यांनी ज्यांनी तिच्याकडून साप नेले होते त्यांना फोन लावायला बसली. कुंपणाच्या अलीकडे मला ऐकू येत होतं. प्रत्येकाला तेच वाक्य, आवाज न चढवता. "मिलर खिंडीचे म्हणून दिले त्यांचं अर्धं रक्त दुसरीकडचं आहे. चूक आमची. पैसे परत देते."

काहींनी साप आवडतो म्हणून ठेवून घेतला. काहींनी आवाज चढवला. सॅन अँजेलो शहरातल्या एकाने तिच्या सापांवर स्वतःचं सगळं घराणं उभं केलं होतं. तो बराच वेळ बोलत होता. ती "हो" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "डॉयलला चोर म्हणा. मला खोटारडी म्हणा. पण तुमच्या पट्ट्या बदला."

सापांचे पैसे केव्हाच उंदरांत आणि विजेत गेले होते. परत द्यायला होता तो चादरींचा पगार. त्यातून ती डॉयलच्या थडग्यासाठी दगड घेणार होती. पाथरवटाने चित्रही काढून दिलं होतं: कपारीत वेटोळं घातलेला साप आणि खाली खिंडीचं नाव.

"मी काँक्रीटचा ओतून देतो," मी म्हणालो. "साचा माझ्याकडे आहे."

"तुझा तुला लागेल," ती म्हणाली. "आणि त्यावर काय लिहू?"

पांढरं पिल्लू तिने विकलं नाही. चांगलं खातं. त्याच्या डब्यावर बापांच्या रांगेत शेवटी लिहिलं आहे, चेमाचा नर. ती अजून चारला उठते, तेच पाणी, तीच घाण.

डॉयलच्या थडग्यावर पुरणाऱ्यांनी रोवलेली पत्र्याची पाटीच आहे. उन्हाने तिची अक्षरं उडाली, तेव्हा नेल्डाने वर डब्यांचीच चिकटपट्टी लावली आणि नाव लिहिलं. पावसाने ती सुटते, मग नवी लावते. दगडासाठी ठेवलेल्या पगारात आली ती सॅन अँजेलोवाल्याने परत पाठवलेल्या सापांची खोकी, आणि त्यांच्यासाठी उंदीर.