माहेरच्या नावांचा कागद

एल्सीबाईंचा फोन आला तेव्हा मी लंडनला, हॅरोच्या घरी पोळ्यांची कणीक मळत होते. शनिवारची सकाळ, नऊ वाजले असतील. एल्सीबाई म्हणजे माझ्या वहिनीच्या समोर राहणाऱ्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या, फोनला भिणाऱ्या. "नलू, सुनंदा गेली," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "रोज आठला माझ्याकडे चहाला येते. आज आली नाही, म्हणून मीच गेले." मी पिठाच्या हातात रिसीव्हर धरून उभी होते आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा तिने घेतलाच नाही का?" माणूस अशा वेळी काहीही विचारतं.

या गोष्टीला आता दोन महिने होतील.

सुनंदा हे नाव मी ठेवलेलं. दादाचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि घरात माझं फारच चालायचं. ताटात तांदूळ पसरले होते, दादा अंगठी धरून बसला होता, आणि नवरीचं नाव काय ठेवायचं यावर मोठ्यांचं एकमत होईना. मी म्हटलं, सुनंदा. आमच्या वर्गात त्या नावाची एक गोरीपान, हुशार मुलगी होती. दादाने तांदळात तेच लिहिलं, पेढे वाटले गेले. पुढची कित्येक वर्षं मी ही गोष्ट ऐटीत सांगायची आणि वहिनी हसायची.

दादाने बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात उमेदीची वर्षं काढली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथून तासाभरावरच्या एका खेड्यात जीपी, म्हणजे गावचा डॉक्टर, म्हणून बस्तान हलवलं. त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एल्सीबाईंची नातवंडं अजून तिथे राहतात. एक चर्च, एक पब, बाकी मेंढ्या. मला वाटलं, वहिनी महिन्याभरात वेडी होईल. तिने दादाच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शन सांभाळायला घेतलं आणि येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "तुमचं माहेरचं नाव काय?" आपल्याकडे बाया पहिल्या भेटीत हेच विचारतात, त्यात विशेष काही नाही. पण त्या बायकांना चाळीस-पन्नास वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. गुडघे दाखवायला आलेल्या बाया माहेराबद्दल बोलत बसायच्या आणि आत दादा पेशंटची वाट बघत बसायचा.

ही सगळी नावं वहिनी एका लांबलचक कागदावर मांडू लागली. वॉलपेपरच्या आत भिंतीला लावतात तो साधा पांढरा कागद, त्याची अख्खी गुंडाळी. तिचा नियम एकच होता. बाईचं जन्माचं नाव वर, ठळक. लग्नानंतरचं खाली, बारीक अक्षरात. गावाचा छापील इतिहास होता, नाही असं नाही. एका निवृत्त मेजरसाहेबांनी तो लिहिला होता, सात जुन्या घराण्यांचा, बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. वहिनीने तो वाचला आणि म्हणाली, "नलू, या गावात चारशे वर्षं नुसते पुरुषच जन्माला आले बघ."

मग एल्सीबाईंचं प्रकरण उद्भवलं. नवरा शेतावर मजूर, घर शेतमालकाचं. नवरा आधीच वारलेला. शेत विकलं गेलं, तशी नव्या मालकाने घर सोडायची नोटीस दिली. चर्चशेजारी चार छोटी दगडी घरं आहेत. कोण्या जुन्या जमीनदाराने मृत्युपत्रात ती गावातल्या जुन्या कुटुंबांच्या गरीब वंशजांसाठी ठेवलेली. त्यातलं एक रिकामं होतं. एल्सीबाईंनी अर्ज केला आणि ट्रस्टींनी नकार दिला. अध्यक्ष अर्थातच मेजरसाहेब. नवरा बाहेरगावचा, वडीलही कामासाठी आलेले, तेव्हा बाई या गावच्या कशा? जन्म इथलाच, सत्तरी उलटलेली, आणि आता शहरातल्या कुठल्याशा म्हाताऱ्यांच्या होममध्ये रवानगी व्हायची.

"आईचं काय?" वहिनीने विचारलं. "आणि आईच्या आईचं?" मेजरसाहेब सौम्यपणे म्हणाले, असं मोजत नाहीत. झालं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, वहिनी आता थांबणार नव्हती. दर बुधवारी बसने ती काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला जायची. एकदा मलाही नेलं. मी ऐटीत पर्समधून पेन काढलं, तर तिने टेबलाखालून हातावर चापट मारली. "पेन अलाउड नाही इथे. पेन्सिल घे." दीडशे वर्षांपूर्वीच्या पॅरिश रजिस्टरात, म्हणजे चर्चच्या नोंदवहीत, आईचं नुसतं पहिलं नाव असतं, तिचं माहेर हवं तर तिच्या लग्नाची नोंद शोधायची, आणि लग्न बहुतेक मुलीच्या गावी. हे काही वहिनीला शिकवावं लागलं नाही. हळूहळू दिसायला लागलं की या गावात पुरुष मजुरीसाठी येत गेले, जात गेले. टिकल्या त्या बायका.

एका बुधवारी तिला एक अडचणीची नोंद सापडली. एल्सीबाईंच्या आजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव होतं, बापाची जागा रिकामी. तिने ते एल्सीबाईंना स्वतःच जाऊन सांगितलं. एल्सीबाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. आईने मरताना सांगितलं होतं. ते गावासमोर वाचायचं असेल तर मला घर नको." दार लागलं. मी फोनवर वहिनीला म्हटलं, "सोड ना आता. कशाला उगाच त्यांच्या मागे लागतेस?" ती म्हणाली, "मी नाही मागे लागत. त्यांनी ठरवायचंय. पण बापाचं नाव नाही म्हणून मेजरसाहेबांचा कागद तिथे संपतो, नलू. माझा नाही संपत."

चौथ्या दिवशी एल्सीबाई चर्चला जायचा कोट घालून दारात उभ्या. "मीच वाचेन," म्हणाल्या. ट्रस्टींच्या बैठकीत त्यांनी खरंच उभं राहून सगळं वाचलं. आई, आजी, आजीची आई, त्या रिकाम्या जागेसकट. सातवी बाई निघाली ती मेजरसाहेबांच्याच पुस्तकातल्या सातांपैकी एका घराण्याची लेक. वहिनीने फक्त मृत्युपत्राची प्रत पुढे सरकवली. वंशज म्हटलं होतं. कोणाकडून ते म्हटलं नव्हतं. मेजरसाहेबांनी चष्मा दोनदा पुसला आणि किल्ली दिली. पुढच्या आवृत्तीत त्यांनी बायकांचं प्रकरण घातलं, हेही सांगायला हवं.

दादा गेल्यावर मी तिला लंडनला बोलवत होते. एजवेअरला आमच्या ओळखीत फ्लॅटही होता. ती येईना. एकदा भांडी पुसताना मी विचारलं, "काय ठेवलंय गं तुझं या गावात? आपलं ना कोणी, ना काही." ती म्हणाली, "बाईला कोणीतरी विचारावं लागतं, नलू. आपणहून नाही सांगता येत." मी मान डोलावली आणि पुढचं ताट घेतलं.

अंत्यसंस्कार झाल्यावर एल्सीबाईंनी मला आपल्या घरी नेलं. कागदाची गुंडाळी आता त्यांच्याकडे असते, दारामागे, छत्रीच्या शेजारी. त्यांनी ती टेबलावर पसरली, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ती आमचीच होती. तिचं नाव इथे, माझ्या बाजूला लिही. तिच्या नियमाने. जन्माचं नाव काय होतं तिचं?"

मला माहीत नव्हतं. लग्नपत्रिकेवर छापलेलं असणार, मी ते वाचलंही असणार. आडनाव आठवलं, जोशी. चाळीस वर्षं मी तिच्या हातचं जेवले, तिच्यापाशी रडले, नाव ठेवल्याची गोष्ट शंभर वेळा सांगितली, आणि आधीचं काय होतं ते एकदाही विचारलं नाही. मला भयंकर लाज वाटली. अजून वाटते. एल्सीबाईंनी पेन्सिल परत घेतली आणि म्हणाल्या, "शोध मग."

शोधलं. दादा नाही, आई-अण्णा नाहीत, तिचे भाऊही गेले. भाचरांना फोन केले, त्यांना ती सुनंदाआत्याच. तिच्या माहेरी, साताऱ्याला दोन पत्रं गेली, एक तसंच परत आलं. शेवटी सांगलीच्या तिच्या एका मावसबहिणीचा पत्ता मिळाला, आणि गेल्या सोमवारी थरथरत्या अक्षरातलं तिचं एअरमेलचं पत्र आलं. "आमची गोदी गेली हे तुम्ही कळवलंत..." अशी सुरुवात होती.

काल ट्रेन आणि बस करून गेले. एल्सीबाईंनी पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं. मी त्यांच्या नावाशेजारी लिहिलं, गोदावरी जोशी. त्यांनी ते तीन-चारदा म्हणून पाहिलं, जमेपर्यंत. मग नियमाप्रमाणे त्याच्या खाली, बारीक अक्षरात, मी ठेवलेलं नाव लिहिलं.