बाजूचे स्पीकर

तीन महिने मी दुकानादुकानांतून एकच प्रश्न विचारत फिरत होतो: "ह्यात बाजूचे स्पीकर सगळ्यात चांगले कुठले?" प्रत्येक ठिकाणी विक्रेता माझ्याकडे असा बघायचा, की ह्या गृहस्थाचं काहीतरी बिनसलंय. होम थिएटर घ्यायला आलेला माणूस टीव्ही केवढा घ्यावा ते विचारतो, सोफा हादरेल का ते विचारतो. बाजूच्या स्पीकरची चौकशी कुणी करत नाही. लग्नाला जाऊन नवरानवरी सोडून फक्त करवल्यांची विचारपूस करावी, तसं माझं चाललं होतं.

मला स्वतःला या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी डोंबिवलीत मानपाड्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली. माप घ्यायचं, बसलं तर माल पास, नाहीतर परत. मोजता येतं त्या गोष्टीची मला भीती वाटत नाही. इथे मात्र मापांचाच सुळसुळाट, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एका खोक्यावर हजार वॅट, दुसऱ्यावर ऐंशी, आणि दुकानदार सांगणार की ऐंशीवालाच खरा. पाच पॉइंट एक, सात पॉइंट एक, तीन पॉइंट एक पॉइंट दोन. पहिल्या दुकानात मी विचारलं, "हा पॉइंट एक म्हणजे काय?" तो म्हणाला, "तो वूफर, साहेब." सेटमधलं सगळ्यात जड धूड, आणि त्याला म्हणायचं पॉइंट एक! आमच्या खात्यात असं लिहिणाऱ्याला मी उभा सोलला असता.

रिसीव्हर म्हणजे मी फोनचा समजत होतो. तो निघाला सगळ्या तारा जिथे जाऊन मिळतात तो डबा. आता हा डबा आधी ठरवायचा की स्पीकर आधी, यावर दोन दुकानांत दोन मतं. इंटरनेटवर पाहिलं तर तिथे तिसरंच. म्हणे, आधी खोली ठरवा. खोली तर मी वीस वर्षांपूर्वीच ठरवून, कर्ज फेडून बसलो होतो.

एवढं असूनही मी हटून का बसलो होतो, ते सांगतो. कारण होतं माझ्या बायकोचे डोळे.

दीड वर्षापूर्वी तिला काचबिंदू असल्याचं कळलं. कळलं तेव्हा तो बराच पुढे गेला होता. तिला मधलं नीट दिसतं. सुईत दोरा ओवते, पेपरातलं बारीक वाचते. बाजूचं मात्र गेलंय, डावीकडचं जास्त. तपासणीच्या वेळी तिला एका पांढऱ्या अर्धगोलासमोर बसवलं होतं. आत प्रकाशाचे ठिपके उमटतात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसून बटणाची टिकटिक ऐकत होतो. मधेच बराच वेळ टिकटिक यायचीच नाही. मला वाटलं, मशीन बंद पडलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गेलेलं परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी राखायचं.

त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त सलते. रविवारी दुपारी जेवणं आटपून दोघांनी टीव्हीवर सिनेमा बघायचा, हा आमचा लग्नापासूनचा नेम. त्या वर्षी ती सारखी विचारायला लागली, "कोण आलं हो?" पडद्यावर दारातून कुणी आत शिरलं की विचारणार. गाडी थांबली की विचारणार. मला वाटायचं, हिचं लक्ष नाही. एका रविवारी मी भडकलो. "समोर बघ ना," म्हणालो, "डोळे काय शोभेला दिलेत?" त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही. सिनेमा सुरू झाला की पाच मिनिटांत उठायची. "तुम्ही बघा, मला कणीक मळायचीय." रविवारी दुपारी अडीच वाजता कणीक! पुढे तपासणीचा कागद हातात आला तेव्हा ते वाक्य मला आठवलं. आजही आठवलं की लाज वाटते. मी माफी मागितली. "तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं," म्हणाली. पण सिनेमाला काही बसली नाही.

मला तिला सोफ्यावर परत आणायचं होतं. आणि त्यासाठी माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. जे बाजूने डोळ्यांना दिसत नाही, ते बाजूच्या स्पीकरने कानांना सांगायचं. डावीकडून कुणी आलं की डावीकडून आवाज येईल, आणि तिला विचारावंच लागणार नाही.

हे दुकानात सरळ सांगितलं असतं तर काम सोपं झालं असतं. पण सांगायचं नाही, असं मीच ठरवलं होतं. मुलीसाठी ठिकाणं बघणं चालू होतं. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, हे गूगल करणाऱ्या प्रत्येक भावी सासूला पाच मिनिटांत कळतं. लग्न ठरेपर्यंत तोंडाला कुलूप, असं मी घरात बजावलं होतं. ठाणे-डोंबिवलीत कोण कुणाचा मावसभाऊ निघेल, सांगता येत नाही. म्हणून मी स्पीकरच्या दुकानातही तोंड उघडत नव्हतो. रोगाचं नाव न सांगता औषध मागणारा पेशंट असतो ना, तो मी होतो.

समोरच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त बँकवाले राहतात. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. ते म्हणाले, "अहो, साउंडबार घ्या. टीव्हीखाली एक पट्टी ठेवली की झालं. तुमच्या हॉलला पाच स्पीकर म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"पण बाजूने आवाज येतो का त्यात?"

"भिंतीवर आपटून येतो."

मी घरी येऊन भिंतीकडे बघितलं. आमच्या हॉलला उजवीकडे भिंत आहे, पण तिच्यावर देव्हारा. डावीकडे भिंतच नाही, स्वयंपाकघराकडे जायचा बोळ आहे. म्हणजे जी बाजू सगळ्यात महत्त्वाची, तिथे आवाज आपटायला जागा नाही आणि स्पीकर टांगायलाही नाही. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, त्यामुळे मागे टाचणी ठेवायलाही जागा नाही. मी आलेखाच्या कागदावर हॉल काढला, कोन मोजले, पाच-सहा वेळा खोडला. एका कागदावर बाजूचा स्पीकर फ्रिजवर आला, दुसऱ्यावर गणपतीच्या डोक्यावर.

एकदा ती भाजी आणायला गेलेली असताना मी पेपराच्या दोन पुंगळ्या केल्या, डोळ्यांना लावल्या आणि टीव्हीवरची मालिका बघत बसलो. पुंगळीत एका बाईचं तोंड मावलं. तिच्याशी कुणीतरी भांडत होतं. कोण, ते दिसेना. मान फिरवून शोधेपर्यंत तोंड बदललेलं. दोनच मिनिटांत मला इतकी चिडचिड झाली, की मी पुंगळ्या फेकून देणार होतो. हे ती वर्षभर करत होती, तेही माझ्या शेजारी बसून. तेवढ्यात तीच दारात.

"काय करताय?"

"पेपर गुंडाळतोय. रद्दीवाला यायचाय."

"डोळ्यांना लावून गुंडाळतात वाटतं हल्ली," म्हणाली आणि आत गेली.

शेवटी ठाण्यात माजिवड्याच्या एका दुकानात मला असा विक्रेता भेटला, ज्याने माझा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. तिशीचा, शांत माणूस. दोनदा मी एकटा गेलेलो. दुसऱ्या वेळी त्याने मला बसवून समजावलं.

"सर, एक सांगू का? तुम्ही उगाच साइडच्या मागे लागलाय. पिक्चरमध्ये माणसं बोलतात ना, ते जवळपास सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. साइडला काय, पाऊस, गर्दी, हेलिकॉप्टर."

"पण कुणी डावीकडून आत आलं तर?"

"तरी डायलॉग मधूनच, सर. दाराचा आवाज येईल डावीकडून, कधीकधी. तोही त्यांनी तसा टाकला असेल तर."

तीन महिन्यांचा हिशेब एका वाक्यात निकालात निघाला होता. मला हेलिकॉप्टरची काडीचीही गरज नव्हती. मला सासरा आला की दीर आला, एवढं सांगणारा स्पीकर हवा होता, आणि तो कुणी बनवतच नव्हतं.

"मॅडमना घेऊन या ना," तो म्हणाला. "ऐकणार त्या पण आहेत."

पुढच्या शनिवारी मी तिला गाडीत घालून निघालो. शिळफाट्याला तासभर अडकलो. ती म्हणाली, "एवढं काय त्या स्पीकरचं घेऊन बसलाय? आहे तो टीव्ही काय वाईट आहे?" मी म्हणालो, आवाज खणखणीत हवा.

दुकानाच्या मागे ऐकून बघायची खोली होती. काळे पडदे, मऊ गालिचा, जवळजवळ अंधार. दाराशी एक छोटी पायरी होती. ती मला माहीत होती, पण मी वॅटच्या विचारात. बायको पायरीवर अडखळली. मी दंड धरला म्हणून वाचली.

"लागलं का, मॅडम? लाइट लावू?" विक्रेता धावत आला.

"नको, नको," मी घाईने म्हणालो. "चप्पल नवीन आहे, सरकली."

"लावा हो लाइट," ती म्हणाली. "मला काचबिंदू आहे. बाजूचं दिसत नाही, अंधारात तर मुळीच नाही. चप्पल चार वर्षं जुनी आहे."

मी चक्क मागे वळून बघितलं. जणू तिथे वरपक्ष ओळीने बसला होता. मागे फक्त वूफर होते.

विक्रेत्याने दिवे लावले. मग माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "म्हणून साइडचे स्पीकर." मी मान डोलावली. बायकोने दोघांकडे बघितलं. तिला सगळं कळलं असावं, कारण ती पदराशी खेळत बसली.

त्याने आधी मोठा सेट लावला. पाच स्पीकर आणि दोन वूफर. खुर्ची थरथरली. "कसा?" त्याने विचारलं. "छान आहे, पण आवाज कमी करा," ती म्हणाली. त्याने केला. "अजून." त्याने अजून केला. मग त्याने साधा सेट लावला: समोर दोन, मधे एक छोटा, बाजूला काहीच नाही. एका घरातला प्रसंग होता, दोन बायका बोलत होत्या. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, "काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

"शिळफाट्याला परतीला पण ट्रॅफिक लागणार," मी म्हणालो.

"हाच द्या," तिने विक्रेत्याला सांगितलं. "ह्यात त्या बायकांचं पण कळतं आणि ह्यांचं पण. मघाच्यात हे बुडून गेले असते."

विक्रेता म्हणाला, पुढे कधी बाजूचे लावावेसे वाटले तर ह्याच डब्याला जोडता येतील. ती म्हणाली, "डाव्या बाजूला हे बसतील."

परतताना मी आधी शिळफाट्याची गर्दी पार केली. मग म्हणालो, "अगं, पण मुलीचं... असं परक्या माणसाला सांगितलंस."

"तिनेच सांगितलंय सगळ्यांना. पहिल्या भेटीतच सांगते ती. दोन ठिकाणं त्यामुळेच गेली."

"मला कुणी बोललं नाही?"

"तुम्ही कुलूप लावून बसला होतात," ती म्हणाली.

म्हणजे एवढे महिने ते गुपित राखणारा घरात मी एकटाच होतो. मला राग यायला हवा होता, पण नक्की कुणाचा ते ठरेना.

रविवारी तारा जोडून झाल्या. बोळाच्या तोंडाशी, सोफ्याच्या डाव्या अंगाला मी माझी वेताची खुर्ची ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पायात येत होती, पण बायकोने हलवायला सांगितली नाही. जेवणं झाली. सिनेमा सुरू झाला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी घड्याळाकडे बघत होतो, तिच्याकडे बघत होतो. कणकेचं नाव नाही. तिने पाय वर घेतले आणि मांडीवर उशी घेतली.

सिनेमात कुठेतरी कडी वाजली.

"कोण आलं हो?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. इतका वेळ मी पडद्याकडे बघितलंच नव्हतं.

"थांब," म्हणालो, "जरा मागे घेतो."

"समोर बघा ना," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं, मलाही होतं. ते तिने म्हटलं नाही, नुसती हसली.

मी रिमोट शोधला, मागे घेतलं. "म्हातारा आलाय," मी सांगितलं. "भिजलेला आहे. हातात छत्री आहे, पण उघडलेली दिसत नाही."

"वेडाच आहे," ती म्हणाली, आणि सरकून माझ्या बाजूला बसली.